नमुन्याची बाटली

पाणीखात्याचा माणूस बाटली ठेवून गेला. पाणी दहाला येणार, आणि त्याला अजून अकरा घरं करायची होती. नळाखाली धरून थेट भरा, दुपारी येऊन नेतो, हे त्याने सासूबाईंना दोनदा बजावलं. नमुना खराब निघाला तरच गल्लीतला जुना पाइप बदलणार होते. आत नात निपचित पडली होती; महिन्याभरात तिसऱ्यांदा पोट बिघडलं होतं. तक्रार सुनेने केली होती आणि ती कामावर गेली होती.

दहाला नळ दोनदा खोकला आणि वाहू लागला. पाणी पिवळट, त्यात काळे कण. सासूबाईंनी बाटली पुढे केली आणि मागे घेतली. आजवर या घरातून परक्याच्या हातात असलं पाणी गेलं नव्हतं. त्यांनी ते नव्या फडक्यातून गाळलं, वीस मिनिटं उकळलं, निवल्यावर पुन्हा गाळलं. बाटली भरून बाहेरून कोरडी पुसली. दुपारी त्या माणसाने ती उजेडात धरून पाहिली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने कागद आला. पाणी पिण्यास योग्य. तक्रार बंद.

"बघ, आपलं पाणी पास झालं," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने विचारलं, बाटली कशी भरलीत? त्यांनी कौतुकाने सगळं सांगितलं, फडकं नवं होतं हेसुद्धा. सांगता सांगता त्यांचा आवाज उतरत गेला. सून भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि तापलेल्या लेकीच्या कपाळावरची ओली घडी बदलू लागली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पाणीखात्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. हातात नळाखाली थेट भरलेली दुसरी बाटली, पिशवीत न घालता. मागे दहाबारा माणसांची रांग, त्यात गल्लीतलीही दोघं.

कारकून म्हणाला, ही तक्रार तर बंद झाली.

"ते पाणी मी गाळून, उकळून दिलं होतं."

रांगेत कुणीतरी हसलं. सासूबाईंनी मागे पाहिलं नाही. बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली. तळाशी काळा गाळ बसत होता.

कारकुनाने सुस्कारा सोडून नवा अर्ज ओढला. "बोला, काय लिहू?"

"लिहा," त्या म्हणाल्या, मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "आमच्या घरचं पाणी घाण आहे."