मृणालिनीला मानवलेला मास्क

"हाही नाही चालणार, सर." मृणालिनीने तोंडावरचा मास्क ओढून काढला. रबर टेकलं होतं तिथे गालांवर लाल चट्टे उठले होते.

कौस्तुभने कपाळाला हात लावला. कापडी झाला, कागदी झाला, आता हा. हाटकेश औद्योगिक वसाहतीच्या एका गाळ्यातल्या छोट्या प्रयोगशाळेचा तो प्रमुख, पण मृणालिनीच्या नाकापुढे त्याची मात्रा चालत नव्हती. औषधांचा कच्चा माल तिथे तपासायला येई. इतरांना वास जाणवायच्या आधीच तिला ठसका लागे, डोळे चुरचुरत, घसा आवळून येई.

"घरी बसून कसं चालेल, सर? यांची कंपनी बंद पडलीय. माझ्या पगारावरच चाललंय सगळं." तिचा आवाज रडवेला झाला.

"शोधतोय ना मी, ताई. सोडायचं नाही तुम्ही."

माणसं मात्र जिवाला जीव देणारी मिळाली होती. तिला ठसका लागला की सगळे हातातलं काम टाकून धावत बाहेर पडत, मग कोणी तिच्यासाठी पाणी आणे. शेजारची रुचिता तर सारखी मान वळवून विचारायची, "ताई, बरं वाटतंय ना?" तिचं टेबल तेवढं रसायनांच्या पिंपांच्या खोलीला लागून होतं. बदलून द्या म्हणून ती कितीदा म्हणाली, पण ते राहूनच जाई.

अखेर कौस्तुभने मुंबईहून नमुन्यादाखल सिलिकॉनचा एक मास्क आणला, दोन्ही गालांशी कोळशाच्या डब्या असलेला. तिने तो चढवल्यावर त्याने तिच्या नाकासमोर रसायनाची बाटली उघडी धरली.

"वास येतोय?"

"काहीच नाही!"

"नीट सांगा, ताई. नक्की ना?"

"शप्पथ, सर."

ना चट्टा, ना ठसका. तिला रडूच कोसळलं. संध्याकाळी केबिन रोडच्या पीसीओवरून तिने माहेरी फोन लावला. "आई, सुटले गं मी एकदाची!"

सोमवारी तसल्याच मास्कचं खोकं आलं. कौस्तुभने एकेकाला मास्क दिला. रुचिताने आपला गळ्यात अडकवून ठेवला. खोकं रिकामं झालं, तरी मृणालिनीचा हात पुढेच होता.

"सर, माझा?"

कौस्तुभने तिच्याकडे पाहिलं नाही. "ताई, तुम्हीपण मास्क लावून बसलात, तर आम्ही आमचे कधी चढवायचे ते कळणार कसं?"