मिरीची शेपटी

मिरीला शेपटी नव्हती.

खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून कृष्णकांतराव अंगणात थबकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. काळीभोर, छातीवर तांबूस ठिपका असलेली ती चिमुकली कुत्री दारात उभी होती, आणि जिथं लांबसडक शेपटी असायची तिथं अंगठ्याएवढं थोटूक होतं.

"हे कोणी केलं?"

सून उत्तरा ओल्या हातांनीच बाहेर आली होती. तिच्यामागं तिचा नवरा, कृष्णकांतरावांचा मुलगा अश्विन.

"मी विचारून राहिलो. कोणी कापली?"

"मी," उत्तरा म्हणाली. "या जातीच्या कुत्र्यांची कापतातच, बाबा. छान दिसतात."

अश्विननं काही बोलायला तोंड उघडलं. उत्तरानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं ते मिटलं.

वाद तसा जुना होता. कन्हानच्या एका ओळखीच्या घरून पिल्लू आणलं तेव्हाच त्या माणसानं विचारलं होतं, शेपटी कापून देऊ का? उत्तराला हवी होती तशी. कृष्णकांतराव अडून बसले. "जन्मासोबत आलेलं अंग आहे. ते कापाचा हक्क तुले कोणी दिला?" शेपटी राहिली, आणि मिरी त्यांचीच झाली. बायको गेल्यापासून या घरात आपण आलो काय अन् गेलो काय, कोणाला फरक पडत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते फिरून आले की मिरीची शेपटी तेवढी खुर्चीच्या पायावर फटाफट वाजायची.

मग या दिवाळीनंतर रामटेकची बहीण, इंदुताई, पडली. खुबा मोडला. पहाटे फोन आला तसे कृष्णकांतराव कोणालाही न उठवता, चहासुद्धा न घेता ऑटो बोलावून निघाले. तिचं करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून होळीपर्यंत तिथंच राहिले. फोनवर रोज विचारायचे, "मिरी कशी आहे?"

"मजेत," उत्तरा सांगायची.

"मजेत!" आता ते ओरडले. "मी घरात नाही पाहून तू डाव साधला. काहून वं? तिनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

उत्तरा आत गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

मिरी पार बदलून गेली होती. नावानं हाक मारली तर वळून पाहायची नाही. त्यांच्या खाटेखाली झोपायची नाही. त्यांनी हात पुढं केला की मागं सरायची. सगळ्यांत जास्त त्यांना हे लागलं की ती दिवसभर उत्तराच्याच पायात घोटाळायची, ते थोटूक हलवत.

"भीती आहे ती," कृष्णकांतराव शेजारच्या विश्वनाथला सांगायचे. "जिनं कापली तिचेच पाय चाटते. मुका जीव, करते काय?"

त्यांनी उत्तराच्या हातचं खाणं सोडलं. बाहेरून डबा लावला. रामनवमीला कॉलनीत पंगत होती. उत्तरा वाढत वाढत त्यांच्या पानाशी आली, तसा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"हिच्या हाताले रक्त लागलं आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मले नको."

उत्तरानं हातातली वाटी सावरली आणि पुढच्या पानाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विन त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"बाबा, तुम्हाले काहीच माहीत नाही."

"मग सांग."

"अश्विन!" आतून उत्तराची हाक आली. "नाही म्हटलं ना मी?"

अश्विन आत गेला. उन्हाळा तापायच्या आत त्या दोघांनी मनीषनगरला भाड्यानं घर घेतलं. सामान गाडीत चढलं, तेव्हा उत्तरा मिरीजवळ उकिडवी बसली.

"तिले हात लावू नको," कृष्णकांतराव म्हणाले.

उत्तरा उठली. "तिला उकडलेलं अंडं देत जा. आवडतं तिला."

"मिरीले अंड्याचा वासही सहन होत नाही. एवढंही माहीत नाही तुले?"

"आता आवडतं, बाबा," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

पावसाळ्याच्या तोंडाशी लस द्यायची वेळ आली. आजवर ते काम उत्तराच करायची. कृष्णकांतराव कुत्रीला कडेवर घेऊन जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर हर्षा ही तरुण मुलगी होती. तिनं कुत्रीचे दात पाहिले, कान पाहिले, थोटकावरून बोट फिरवलं. कृष्णकांतरावांना राहवलं नाही.

"सुनेनं कापून आणली. मी गावाले होतो गेल्या हिवाळ्यात, तेव्हा."

"हिवाळ्यात?" हर्षानं परत बोट फिरवलं. "नाही काका. ही जन्मल्या जन्मल्या कापलीय. डोळेही उघडले नसतील तेव्हा हिचे. मोठेपणी कापली असती, तर टाक्यांचा वण दिसला असता."

"असं कसं? चार वर्षांची आहे ही. हिची शेपटी मी रोज पाहिली आहे."

"चार वर्षांची?" हर्षा हसली. "दात बघा ना हिचे. दीड वर्षाचीही नसेल. तुमची ती दुसरी कुत्री असेल, काका."

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ते बसले. कुत्री मांडीवर होती. त्यांनी फोन लावला. उत्तरानं पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा? बरे आहात ना?"

"उत्तरा, मिरी कुठं आहे?"

"नका विचारू, बाबा."

"मी विचारून राहिलो. माझी मिरी कुठं आहे?"

ती रडत होती हे त्यांना श्वासावरून कळलं. मग ती अगदी हळू, शब्द जपून ठेवल्यासारखं बोलली.

"त्या दिवशी पहाटे फाटक उघडं राहिलं होतं, बाबा. ती तुमच्या ऑटोमागं धावली."