जाळ्यात गावलेलं घड्याळ

नव्या घड्याळाची तबकडी चहाच्या पाण्याने जुनाट करायची, काट्यांवर रेडियम चढवायचं, हा मासेमारी करणाऱ्या मोरूचा फावल्या वेळचा छंद. चौऱ्याऐंशी साली त्याच्या मित्राची, गुणाजीची होडी बुडाली. देह काही मिळाला नाही. वर्ष उलटलं तरी गुणाजीची आई धोंडूबाई रोज त्याचा डबा घेऊन मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बसायची. शेवटी गुणाजीची बायको कमळा मोरूला गुपचूप म्हणाली, "भावजी, ह्यांच्या घड्याळासारखं घड्याळ बनवा. आयेची आशा तरी सुटंल."

मोरूने तसलंच घड्याळ मिळवलं, काटे खाऱ्या पाण्यात गंजवले, रेडियम काळवंडवलं. "जाळ्यात गावलं," म्हणत त्याने ते म्हातारीच्या हातात ठेवलं. तिने घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, उलटंपालटं केलं. मोरूला वाटलं, हिने ओळखलं तर पुन्हा तोंड कसं दाखवायचं? धोंडूबाईने कमळाला पाणी आणायला आत पाठवलं.

मग हळूच म्हणाली, "त्याचं घड्याळ त्या दिवशी घरीच ऱ्हायलेलं, मोरू. माज्या पेटीत हाय. पण कमळाला सांगू नको. पोरीनं आणखी किती वाट बघायची?"