उन्हाळझोप

वैशाख सरत आला होता आणि माणदेशात चाऱ्याची काडी उरली नव्हती. नवं गवत उगवेपर्यंत गावातली सगळी जनावरं सुई टोचून थंड छावणीत निजवली होती. ठकूबाईची म्हैस तेवढी जागी होती, कारण ठकूबाई रोज "उद्या बघू" म्हणायची. आता मात्र म्हशीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

जनावरांच्या डॉक्टर शुभदानं सुई टोचली. म्हशीनं ठकूबाईच्या तळहाताला ओलं नाक लावलं, मग पाय मुडपून ती बसली आणि निजली.

"तरास हुतो का गं तिला?"

"नाही आजी. भूक लागत नाही, कुणाची आठवणही येत नाही."

छावणीच्या माणसांनी म्हैस गाडीत घालून नेली. पोरं-सुना शहराकडं गेलेली, शेजारच्या घरांना कुलपं. ठकूबाई रिकाम्या दाव्याकडं बघत राहिली.

"ह्ये औषध माणसांसाठी निघालंय का?"

"अजून नाही."

"निघालं, की आधी माझ्याकडं ये."

शुभदाला पुढच्या गावी जायचं होतं. ती आपल्या गाडीपर्यंत गेली, परत आली आणि ओट्यावर बसली. "आजी, चहा टाका."

"दूध न्हाई गं आता," म्हणत ठकूबाईनं लगबगीनं चूल पेटवली.