दोनशे मोठे की नव्वद?

"दोनशे मोठे की नव्वद?" तिने विचारले.

काउंटरवर दोन मेमरी कार्डे ठेवलेली होती. एक सोनेरी, त्यावर ठसठशीत दोनशेचा आकडा. दुसरे काळे; त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'व्ही नव्वद'. किमतीचा न्याय मात्र उलटा होता.

जादूगार हसला. बायकोच्या प्रश्नावर चारचौघांत हसण्याची त्याला जुनी सवय होती.

"ताई, सोनेरीवरचा दोनशे हा वाचण्याचा वेग," दुकानदार म्हणाला. "भरलेलं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवताना तो कामाचा. कॅमेरा कार्डावर लिहितो, तो वेग निराळा. काळ्यावरचा नव्वद हा लिहिण्याचा, आणि त्याखाली तो घसरणार नाही याची हमी. साहेब, टिपायचंय काय?"

"हात," जादूगार म्हणाला. "सेकंदाला दोनशेचाळीस चित्रं."

"मग काळंच घ्या. सोनेरीला एवढा घास गिळवणार नाही. ऐन वेळी कॅमेरा थांबेल."

"म्हणजे हे सोनेरी माझ्या हातांसारखंच की," ती म्हणाली. "जड. तेच घेऊ या ना, अहो. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खर्च कशाला?"

"एवढीशी गोष्ट?"

त्याचा आवाज असा चढला की दुकानदाराने उगाचच काच पुसायला घेतली.

ती एवढीशी गोष्ट म्हणजे धाकटा. दोघे एकाच गुरूचे शिष्य. म्हणून जादूगारांच्या मंडळात याला थोरला आणि त्याला धाकटा म्हणत. मंडळाच्या वार्षिक प्रयोगात शेवटचा खेळ ज्याचा, त्याची पत मोठी. तो मान थोरल्याकडे इतकी वर्षे होता की आता तो त्याला आडनावासारखा स्वतःचा वाटे. यंदा मात्र अध्यक्ष गुळमुळीत बोलू लागले होते, कारण धाकट्याने कुठूनसा एक नवा खेळ आणला होता.

त्यात ना नाणे, ना अंगठी. प्रेक्षकांतल्याच कुणाकडून सदऱ्याचे सुटे बटण मागून घ्यायचे, डाव्या मुठीत धरायचे, फुंकर मारायची. मूठ रिकामी, आणि बटण टेबलावरच्या पालथ्या पेल्याखाली. थोरल्याने तो खेळ तीनदा पाहिला आणि तीनदा फसला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना.

"गुरुजींनी जाता जाता त्याच्याच पदरात टाकलं असणार," तो घरी म्हणे. "आम्ही पेट्या उचलायचे धनी. एकदा ती हातचलाखी सापडू दे, अध्यक्षांच्या टेबलावर उघडी करून ठेवतो. मग बघू कुणाचा खेळ शेवटचा!"

ती करंगळी उचलून सुईत दोरा ओवत राही. एके काळी ती त्याच्याबरोबर रंगमंचावर उभी राहत असे. एका प्रयोगात तिच्या हातून पत्ता निसटला. "तुझे हात जड आहेत," असे सांगून त्याने तिला पुन्हा विंगेतही येऊ दिले नाही. आता ती घरी कपडे दुरुस्तीची कामे घेई.

त्याने काळे कार्ड घेतले.

मंडळाच्या बैठकीत धाकटा तो खेळ करणार होता; थोरल्याने चित्रण करण्याची उघडपणेच परवानगी मागितली. धाकटा खळखळून हसला.

"काढा की दादा! हवं तर कॅमेरा माझ्या नाकाला लावा. वहिनी, तुम्ही अशा समोर बसा. ओळखीचं माणूस पुढे असलं की हात थरथरत नाही."

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय!" ती म्हणाली आणि पहिल्या रांगेत बसली.

खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या. थोरल्याने एका टोकाला कॅमेरा उभा केला. जाताना तिच्या कानाशी वाकून त्याने बजावले, "डाव्या हातावरून नजर हलवू नकोस."

फुंकर. रिकामी मूठ. पेल्याखाली बटण. टाळ्या.

"दिसलं काही?" घरी परतताना त्याने विचारले.

"छे. तुम्ही सांगितलंत म्हणून डाव्या हाताकडे टक लावून बसले होते. काही म्हणजे काही दिसलं नाही."

"तुला काय दिसणार म्हणा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉम्प्युटरसमोर बसला. शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालले होते. काळे कार्ड दिल्या शब्दाला जागले होते. एकही क्षण निसटलेला नव्हता.

संथ झालेल्या चित्रात धाकट्याने डाव्या मुठीवर ओठ नेले. मूठ मुळात रिकामीच होती. पेला सावरायला निघालेल्या उजव्या हाताची करंगळी उठली, बटण तिच्यामागून अंगठ्याकडे सरकले, आणि तळवा पेल्याच्या कडेवर वळला.

"सापडलास!" तो पुटपुटला.

पण आनंद पुरता होईना. ही चलाखी जुनी नव्हती. त्याच्या माहितीतल्या कुणाचीच नव्हती. गुरुजींची करंगळी कधी अशी उठत नसे. मग याला शिकवले कुणी? त्याने चित्र पुन्हा लावले. मग पुन्हा.

तिसऱ्या खेपेला त्याची नजर चित्राच्या कडेला गेली. तिथे पहिली रांग आली होती. साऱ्या माना डाव्या मुठीकडे वळलेल्या. हवे तिथे पाहायला लावले की सगळे तिथेच पाहतात; धंदाच तो. फक्त एक मान वळलेली नव्हती. त्याची बायको उजव्या हाताकडे पाहत होती.

तिचा स्वतःचा उजवा हात मांडीवर होता. रिकामा. त्याचा अंगठा सरकला, तळवा वळला.

शेजारच्या खोलीतले यंत्र थांबले. त्याने एकेक चित्र मागे नेले, आणि जिथे तिच्या हाताची हालचाल सुरू होत होती तिथे चित्र थांबवले.

मांडीवरची करंगळी उठली होती. धाकट्याची अजून उठायची होती.