धनेश बघायला गेलो तेव्हा

धनेश पक्ष्यांचे फोटो काढायचं मला वेड आहे. त्यापायी दोन दिवस नेल्लियांपतीच्या डोंगरात होतो, मोबाइलला रेंज नव्हती. पालक्काडला घरी पोचलो तर अंगणात सगळी गल्ली जमलेली. ओसरीवर केळीच्या पानावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं प्रेत, उशाशी नारळाच्या वाटीत वात, आणि शेजारी अम्मा बसलेली.

मी गर्दीतून पुढे घुसलो. "कोण गेलं?"

अच्युतन मामा किंचाळलाच, "सेतू! अरे, तू तर बसमध्ये गेलास! टीव्हीवर नाव दाखवलं तुझं!"

परवा जाताना धनेशांसाठी मी ज्या बसमधून घाटात मध्येच उतरलो होतो, ती बस पुढे दरीत कोसळली होती. उतरताना शेजारच्या कुडकुडणाऱ्या माणसाला मी माझा स्वेटर देऊन टाकला होता. स्वेटरच्या खिशात माझं ओळखपत्र राहिलं होतं, आणि त्या माणसाचा चेहरा ओळखण्यासारखा उरलाच नव्हता.

अम्मा उठली. तिनं माझं तोंड चाचपलं, एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मला मिठी मारून ढसाढसा रडली. लोक रडता रडता हसायला लागले.

"पोलिसांना फोन लावा," मामा म्हणाला, "म्हणावं, हे घेऊन जा. तोवर मागच्या पडवीत ठेवा. आणि ती वात विझवा आधी."

चौघे पुढे झाले.

"हात लावायचा नाही!" अम्मा मला सोडून पुन्हा प्रेताशेजारी जाऊन बसली. तिनं कापड सारखं केलं. "याची आई येईपर्यंत मी इथून हलणार नाही."