बाबांनी सोडलेला प्रवाह

सातपुड्यातल्या छोट्या दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टर इरावती एका अडलेल्या गरोदर बाईचं ऑपरेशन करत असतानाच दरड कोसळून विजेची लाइन तुटली. दिवा मात्र लुकलुकलाही नाही.

तळघरात अतिवाहक तारेचं प्रचंड वेटोळं होतं. नलिनी वसावे ते सांभाळायची. बारा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी त्यात सोडलेला प्रवाह जराही न घटता फिरत राहिला होता. आता वेटोळ्याभोवतीचं चुंबकक्षेत्र ओसरत होतं आणि त्याचीच वीज होऊन वर जात होती.

ऑपरेशन संपल्यावर डॉक्टर तळघराच्या दाराशी आल्या.

"आई आणि मुलगी, दोघी सुखरूप आहेत. ही वीज दिली कुणी?"

"बाबांनी," नलिनी म्हणाली. "त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली."

डॉक्टरांनी चपला बाहेर काढल्या आणि मगच त्या आत आल्या.